एंजल्स ट्रम्पेट: लागवड, निगा आणि विषाची खबरदारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नर्सरीत लोंबत्या कर्ण्यासारखी फुलं पाहून हे झाड घरी आणलं जातं आणि मग प्रश्न सुरू होतात. पानं का लोळतात, फुलं का येत नाहीत, हे विषारी आहे म्हणतात ते खरं का. उत्तरं महाराष्ट्र-गोव्यातल्या हवेला धरून दिली आहेत. परदेशात राहणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा प्रश्न घेतला आहे.

हा आपला धोत्राच ना?

धोत्र्याचा चुलतभाऊ म्हणा. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, तंबाखू ज्या कुळातले त्याच कुळातली ही दोन्ही झाडं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली याला धोत्र्यातच घातलं होतं. १८०५ मध्ये पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला वेगळं काढलं आणि ब्रुगमन्स नावाच्या डच अभ्यासकावरून ‘ब्रुगमॅन्सिया’ हे नाव दिलं. एंजल्स ट्रम्पेट हे त्याचं बाजारातलं नाव.

ओळखायला सोपं आहे. धोत्र्याचं फूल आभाळाकडे तोंड करून उभं असतं, याचं खाली लोंबतं. धोत्र्याचं फळ काटेरी आणि पिकलं की तडकणारं, याचं गुळगुळीत, लांबट आणि न तडकणारं. धोत्रा हे कमरेएवढं झुडूप. याचं खोड मात्र लाकडी होतं आणि जमिनीत लावलं तर झाड दहा-बारा फूट सहज जातं.

दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचा जांभळा धोत्रा बऱ्याच नर्सऱ्यांत ‘एंजल्स ट्रम्पेट’ची पाटी लावून विकला जातो. तोही सुंदर असतो, पण तो हा नव्हे. कळी वर तोंड करून आहे की खाली, एवढं बघितलं तरी फसगत टळते.

हे मूळचं कुठलं?

दक्षिण अमेरिकेतलं. अँडीज पर्वताच्या उतारांवर, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू या भागांत याच्या बहुतेक जातींचं घर. एक जात आग्नेय ब्राझीलची, आणि आपल्याकडे तीच जास्त रुजली. एकूण जाती सात मानतात. गंमत म्हणजे त्या सगळ्यांची नोंद आता ‘निसर्गातून नामशेष’ अशी आहे, म्हणजे झाडं जगभर आहेत, पण सगळी माणसानं लावलेली किंवा बागेतून निसटलेली. याचं फळ खाऊन बी लांबवर पसरवणारे प्राणीच पूर्वी कधीतरी नाहीसे झाले असावेत, असा एक तर्क आहे.

कोलंबियातल्या सिबुंदॉय खोऱ्यातले आदिवासी पिढ्यान् पिढ्या याचे वेगवेगळे वाण फांद्या लावून जपत आले. तिथे त्याचा संबंध विधींशी आणि वैद्यांशी आहे, बागेच्या शोभेशी नाही.

महाराष्ट्रात हे नीट येतं का?

येतं, पण सगळीकडे सारखं नाही. हे डोंगरातलं झाड आहे, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. त्याला दिवसा २५-२८ अंशांपर्यंतची हवा, रात्री गारवा आणि मुळाशी कायम ओल लागते. उटी, कोडाईकनाल, मुन्नारला ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या कडेला ही झाडं आपसूक वाढलेली दिसतात, ती याच कारणानं.

आपल्याकडे महाबळेश्वर, पाचगणी, आंबोलीसारखी हवा त्याला सर्वांत मानवते. तिथे ते उघड्यावर, पूर्ण उन्हातही चालतं. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात उन्हाळ्याचे तीन महिने सांभाळले तर बाकी वर्ष ते खुशीत असतं. मुंबई, कोकण, गोव्यात वाढ भरपूर, पानं हातभर, पण रात्री उकाडा असल्यानं फुलांचा बहर बेताचा. थंडीत रात्रीचा पारा उतरला की तिथे खरी फुलं येतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना स्पष्टच सांगायचं तर ४४-४५ अंशांत हे झाड फक्त तग धरतं. हिरव्या जाळीखाली, मोठ्या झाडाच्या सावलीत, कुंडी जमिनीत अर्धी पुरून ठेवली तर उन्हाळा निघतो. एवढा खटाटोप करायची हौस असेल तर जरूर करा. नसेल तर त्या जागी मोगरा लावावा, वासाची हौस तोही फेडतो.

कोणता रंग, कोणती जात घ्यावी?

पहिल्यांदाच लावत असाल तर पांढरी. ब्राझीलची जी जात आपल्याकडे रुळली, तिचं फूल पांढरं असतं, जुनं होताना कधी गुलाबी झाक येते. ती सर्वांत सोशीक. पिवळे, पीच आणि गुलाबी रंग बहुतेक संकरित वाणांचे असतात. पुण्या-नाशिकला तेही होतात.

नारिंगी-लाल नळीसारख्या फुलांच्या जातीचा मोह आवरा. ती अँडीजमध्ये फार उंचावर वाढणारी, रात्री थंडी हवीच असणारी. मैदानी भागात ती फुलणं कठीण. शिवाय तिला वासही नसतो, कारण तिचं परागीभवन रात्रीचे पतंग करत नाहीत, हमिंगबर्ड करतात. त्यातल्या एका पक्ष्याची चोच तर त्याच्या बाकी शरीरापेक्षा लांब असते, त्या नळीच्या तळापर्यंत पोचायला!

बाल्कनीत, कुंडीत जमेल का?

जमेल, कुंडी मोठी हवी. सुरुवात दहा-बारा इंची कुंडीत करा आणि वर्षभरात अठरा-वीस इंचीत हलवा. गच्ची असेल तर अर्धा कापलेला ड्रम उत्तम. लहान कुंडीत मुळं गच्च होतात, दिवसातून तीनदा पाणी घालावं लागतं आणि तरीही झाड रुसलेलंच दिसतं.

सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन आणि मग सावली, म्हणजे पूर्वेची बाल्कनी. पश्चिमेची बाल्कनी याच्या वाट्याला शक्यतो देऊ नका. दहाव्या-पंधराव्या मजल्यावर वाराही नडतो, कारण पानं मोठी आणि पातळ असल्यानं फाटतात. शिवाय डोकं जड आणि कुंडी हलकी असेल तर एका झोताबरोबर झाड आडवं होतं. तळाशी चार विटा घालून वजन वाढवा आणि कठड्याला सैल दोरीनं बांधा.

माती कशी असावी?

भुसभुशीत, ओल धरणारी आणि तरीही पाणी न तुंबवणारी. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती घालू नका. ती पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते आणि मुळं दोन्हीकडून मार खातात.

कोकणातल्या जांभ्याच्या मातीत खड्डा जरा मोठा घेऊन पालापाचोळा आणि शेणखत भरपूर घाला, कारण ती माती पाणी धरून ठेवत नाही.

पाणी किती आणि कधी?

भरपूर. या झाडाच्या बाबतीत हात आखडता घेण्यात अर्थ नाही. थंडीत मोठ्या कुंडीला एक दिवसाआड, मार्चपासून रोज सकाळी, एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ. मात्र कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहू देऊ नका. मुळं कुजतातच, डासही होतात.

मापाची भानगड नको असेल तर बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडं लागलं की पाणी द्या. मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळलेल्या पानांचा थर अंथरला तर उन्हाळ्यात एक वेळचं पाणी वाचतं.

सकाळी टवटवीत असतं आणि दुपारी दोनला पानं लोळतात. पाणी कमी पडतंय का?

आधी माती बघा. कोरडी असेल तर पाणी द्या, सावलीत हलवा, तासाभरात पानं उभी राहतील. ओली असूनही पानं लोळत असतील तर घाबरू नका आणि मुख्य म्हणजे आणखी पाणी ओतू नका. एवढ्या मोठ्या पानांतून दुपारी जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना तेवढ्या वेळात ओढता येत नाही. ऊन कललं की पानं परत ताठ होतात.

काळजीची वेळ वेगळी: संध्याकाळी सातनंतरही पानं लोळलेलीच आणि माती ओली. तेव्हा मुळं कुजायला लागली आहेत किंवा मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या धाग्यासारख्या अतिबारीक किड्यांच्या) गाठी आहेत असं समजावं. कुंडीतून झाड अलगद काढून मुळं पाहा. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी, बुळबुळीत मुळं कापून टाका, नव्या मातीत लावा आणि वरच्या फांद्याही थोड्या कमी करा.

खत कोणतं?

हे झाड खादाड आहे. महिन्यातून एकदा मूठ-दोन मुठी गांडूळखत किंवा शेणखत, आणि वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम. खत नेहमी ओल्या मातीत द्यावं, कोरड्या मातीत दिलं तर मुळं भाजतात. रासायनिक नकोच असेल तर शेणाची निवळी किंवा पेंड भिजवलेलं पातळ पाणी पंधरा दिवसांनी. फक्त त्याच्या वासाबद्दल शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

नुसता युरिया देऊ नका. पानं वीतभराची हातभर होतील आणि कळी एकही दिसणार नाही. एप्रिल-मेच्या कडाक्यात मात्र खत थांबवा.

झाड पाच फूट झालं, हिरवंगार आहे, पण फूल नाही. का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर बहुधा खोडात असतं. हे झाड आधी एकच सरळ काठी म्हणून वाढतं. चार-पाच फुटांवर, कधी त्याहून खाली, त्या काठीला दोन फाटे फुटतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे. फुलं त्या फाट्याच्या वरच्या भागातच येतात, खालच्या भागात नाही. म्हणजे फाटा फुटायच्या आधी तुम्ही शेंडा खुडत राहिलात, ‘झाड डेरेदार व्हावं’ म्हणून, तर झाड दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतं.

झाड वयात आलं की नाही हे पानावरूनही कळतं. खालच्या काठीवरचं पान हातात घ्या, देठाला जिथे पान चिकटतं तिथे दोन्ही बाजू समोरासमोर, सारख्या सुरू होतात. आता फाट्याच्या वरचं पान घ्या. एक बाजू देठावर खाली उतरलेली, दुसरी जरा वर, तिरपी. असं तिरकं पान दिसलं की त्या फांदीवर कळी धरायची ताकद आली म्हणून समजा.

फाटा फुटूनही फूल नसेल तर कारणं तीनच: ऊन कमी, खत कमी, किंवा रात्री उकाडा. तिसऱ्यावर इलाज नाही, ऑक्टोबरची वाट पाहायची.

बहर कधी येतो आणि किती टिकतो?

लाटांसारखा येतो. झाडभर कळ्या, आठवडाभर फुलं, मग महिना-दीड महिना विश्रांती आणि पुन्हा कळ्या. पुण्याच्या हवेत पावसाळा सरताना पहिली मोठी लाट येते, मग थंडीभर एक-दोन. एक फूल साधारण चार-पाच दिवस राहतं. पीच रंगाचे काही वाण पहिल्या दिवशी जवळजवळ पांढरे उमलतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग धरतात, त्यामुळे ‘नर्सरीवाल्यानं फसवलं’ म्हणायची घाई करू नका.

उमलताना बघायचं असेल तर संध्याकाळी सहाला खुर्ची टाकून बसा. कळी आधी छत्रीसारखी पिळलेली असते, हिरव्या शिरा स्पष्ट दिसतात. काठाची पाच टोकं हळूहळू सुटी होतात आणि मागे वळतात. वास दिवसा जवळजवळ नसतो, दिवेलागणीनंतर चढत जातो आणि रात्री दहाच्या सुमाराला अख्खी गच्ची भरून टाकतो. तो रात्रीच्या मोठ्या पतंगांसाठी असतो, आपल्याला फुकटात मिळतो. बंद झोपायच्या खोलीत मात्र फुलं ठेवू नयेत, तो दर्प पुष्कळांना सोसत नाही.

छाटणी कधी, कशी?

मोठी छाटणी वर्षातून एकदा, फेब्रुवारीअखेर, म्हणजे थंडीचा बहर संपल्यावर. पानांचा पसारा कमी झाला की उन्हाळ्यात पाण्याची मागणीही कमी होते. जूनमध्ये नवी फूट येते आणि तीच पुढे फुलते. फाट्याच्या वर निदान चार-सहा पेरं राखून कापा. फाट्याखाली कापलं तर फुलांसाठी पुन्हा पूर्ण वाढ होईपर्यंत थांबावं लागेल.

हातमोजे घाला. का, ते खाली विषाच्या प्रश्नांत आहे.

नवं रोप कसं करायचं?

फांदी लावून. इतकं सहज लागणारं झाड कमी असतं. पेन्सिलीहून जरा जाड, तपकिरी व्हायला लागलेली, सहा ते आठ इंचांची फांदी घ्या. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा. कोकोपीट आणि वाळूच्या मिश्रणात दोन पेरं आत जातील अशी खोवा. सावलीत ठेवा. दोन ते चार आठवड्यांत मुळं सुटतात. पाण्याच्या बाटलीत ठेवलं तरी सुटतात, पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं एवढंच. महाराष्ट्रात यासाठी जुलै ते सप्टेंबर हा काळ सोपा.

फांदी फाट्याच्या वरची घेतलीत तर रोप कमी उंचीवर, लवकर फुलतं. बाल्कनीसाठी तेच हवं. खालच्या काठीची फांदी घेतली तर आधी उंच वाढेल, मग फाटा, मग फुलं. जमिनीत झाडासारखं वाढवायचं असेल तर ती चांगली.

बियांपासून?

होतं, पण वेळ जातो. बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, त्यामुळे एकट्या झाडाला फळ क्वचितच धरतं. बी मिळालंच तर त्यावरचं बुचासारखं जाड साल दिवसभर भिजवून सोलून काढा आणि मग पेरा. फूल आईसारखंच येईल याची हमी नाही, आणि ते दिसायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या’ एंजल्स ट्रम्पेटच्या बियांवर पैसे घालवू नका. या झाडात निळा रंग नाही.

कोणत्या किडी पडतात?

यादी लांब आहे, कारण कुळच असं: वांग्या-टोमॅटोवर पडणारं सगळं इथे पडतं.

उन्हाळ्यात लाल कोळी. पानावर आधी बारीक पिवळे ठिपके, मग पान धुरकट, मागे कोळिष्टकासारखी जाळी. डोळ्यांनी कीड दिसत नसेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका, चालणारे ठिपके दिसतील. पहिला इलाज पाण्याचा जोरदार फवारा, तोही पानांच्या मागच्या बाजूनं, सलग तीन-चार सकाळी. कोरड्या, धुळीच्या हवेत कोळी फोफावतो, म्हणून एवढ्यानंही बराच आटोक्यात येतो. नाहीच आला तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण पारा ३५ च्या वर असताना गंधक मारू नका, पानं करपतात.

पांढरी माशी, मावा, पिठ्या ढेकूण यांच्यावर निमतेल लिटरला पाच मिली, जरासा साबण घालून, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढा. पावसाळ्यात गोगलगाई रात्रीतून पानांची चाळण करतात. टॉर्च घेऊन वेचणं हाच खरा उपाय, आणि वेचताना हातमोजे.

कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसेल, शेपटीवर शिंगासारखं टोक असलेली. मोठ्या पतंगाची ती अळी. एक-दोन असतील तर उचलून लांब टाका. विषारी पानं खाऊन ती मस्त जगते!

पानं चुरगळलेली, मध्ये पिवळ्या-हिरव्या नक्षीची झाली आहेत.

नवी पानं बारीक, वाकडी आणि ठिपकेदार येत असतील तर विषाणू असावा. त्याला औषध नाही. पांढरी माशी आणि मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. कात्रीनंही जातो, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. फार बाधलेलं झाड उपटलेलं बरं. या झाडाशेजारी टोमॅटो, मिरची, वांगी लावू नका आणि याची जुनी माती त्यांच्या कुंडीत वापरू नका.

फक्त जुनी, खालची पानं पिवळी होऊन गळत असतील तर तो विषाणू नव्हे. खत कमी पडलंय, नाहीतर मोसम बदललाय.

किती विषारी आहे हे? की उगाच बागुलबुवा?

बागुलबुवा अजिबात नाही. मूळ, खोड, पान, फूल, बी, सगळं विषारी. अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं त्यात असतात. हीच द्रव्यं औषधांतही आहेत. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब अॅट्रोपिनचे असू शकतात. फवारणी करताना ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात जे इंजेक्शन देतात तेही अॅट्रोपिन. गाडी लागू नये म्हणून कानामागे लावतात ती पट्टी स्कोपोलामिनची. पण तिथे मात्रा काटेकोर मोजलेली असते. झाडात ती पानागणिक, मोसमागणिक बदलते, त्यामुळे ‘एवढंसं चालतं’ असं काही नाही.

‘नशा येते’ म्हणून याचा काढा पिण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत आणि त्यात माणसं दगावली आहेत. जी येते ती मजेची नशा नसते, भ्रम असतो. नसलेली माणसं दिसतात, त्यांच्याशी बोलणं चालतं, आपण कुठे आहोत ते कळत नाही.

विषबाधेची लक्षणं कोणती आणि तेव्हा काय करायचं?

तोंडाला कोरड, घशाला आवळ, चेहरा लाल आणि गरम, अंग तापलेलं पण घाम नाही, छातीत धडधड, बाहुल्या मोठ्या, उजेड सहन न होणं, लघवी अडणं, मग बडबड आणि भ्रम. अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होतं आणि एक-दोन दिवस, कधी जास्तही टिकू शकतं.

१०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या. ओकारी काढायला लावू नका, मीठपाणी, ताक, लिंबू यांचे प्रयोग करू नका. तोंडात उरलेले तुकडे काढा आणि झाडाची एक फांदी पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना ‘धोत्र्याच्या जातीचं झाड’ एवढं सांगितलं तरी त्यांना दिशा मिळते. लक्षणं दिसायची वाट पाहू नका, विशेषतः लहान मूल असेल तर.

झाडाला हात लावला तरी विष चढतं का?

नाही. नुसत्या स्पर्शानं, वासानं तसं होत नाही. पण रस बोटाला लागला आणि त्याच बोटानं डोळा चोळला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं. ते एक-दोन दिवसांत, कधी आठवड्यानं उतरतं. अडचण वेगळीच आहे: एकाच डोळ्याची बाहुली मोठी दिसली की डॉक्टरांना मेंदूची शंका येते आणि स्कॅनपर्यंत गोष्ट जाते. म्हणून डॉक्टरांना ‘सकाळी हे झाड छाटलं होतं’ हे आवर्जून सांगा. छाटणीनंतर हात साबणानं धुवा. कात्रीही धुवा, आणि भाजीची कात्री यासाठी वापरू नका.

घरात लहान मूल, कुत्रा, मांजर आहे. लावावं का?

रांगतं किंवा तीन-चार वर्षांचं मूल असेल तर माझं मत सरळ नाही असं आहे. चार वर्षांनी लावा, झाड कुठे पळून जात नाही. मोठ्या मुलांना नीट सांगितलं की पुरतं. कुत्र्या-मांजरांनाही ते विषारीच आहे. गळलेली फुलं रोज उचलायची सवय ठेवा.

गावाकडे वेगळी खबरदारी लागते. छाटलेल्या फांद्या बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका, शेळ्या आणि गुरं तोंड घालतात. जाळूही नका, तो धूर नाकात जाऊ नये. बाजूला खड्डा करून पुरा. सोसायटीच्या सामाईक बागेत, मुलांच्या घसरगुंडीजवळ हे झाड असूच नये.

महादेवाला ही फुलं वाहिलेली चालतात का?

शंकराला धोत्रा वाहायची रीत आहे आणि हे झाड दक्षिण अमेरिकेतून अलीकडे आलेलं, त्यामुळे परंपरेत त्याचा उल्लेख असायचं कारण नाही. भावनेनं कुणी वाहिलं तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. काळजी एवढीच: ही फुलं अभिषेकाच्या दुधापाण्यात पडू देऊ नका. ते तीर्थ म्हणून लोक पितात. प्रसादाच्या ताटापासूनही लांब ठेवा.

धोत्र्याची पानं दम्यावर ओढायचे म्हणतात. याची चालतील?

मुळीच नाही. एके काळी धोत्र्याच्या पानांच्या विड्या दम्यासाठी खरोखर मिळत, कारण त्यातली द्रव्यं श्वासनलिका सैल करतात. पण मात्रा हातात नसते. आज त्याच कामाचे इन्हेलर मोजून मात्रा देतात. सांधेदुखीवर पान गरम करून बांधणं, तेलात उकळणं, हेही या झाडाच्या बाबतीत नको.

आम्ही अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात राहतो. तिथे कसं सांभाळायचं?

हिमकणांचा मार याला सोसत नाही. न्यू जर्सी, शिकागोसारख्या ठिकाणी कुंडीतच ठेवा. पहिला फ्रॉस्ट (गोठलेलं दंव) पडायच्या आधी फाट्याच्या वर छाटून गॅरेजमध्ये किंवा तळघरात न्या, जिथे पाणी गोठत नाही पण ५ ते १० अंशांचा गारवा असतो. पानं सगळी गळतील, गळू द्या. माती पार सुकू नये इतकंच, महिन्यातून एक-दोनदा पाणी. मे महिन्यात बाहेर काढा, आधी आठवडाभर सावलीत, मग उन्हात. घरात हीटरच्या ऊबेत ठेवलं तर झाड हिरवं राहतं खरं, पण कोरड्या हवेत लाल कोळी हमखास पडतो.

इंग्लंडमध्येही हाच क्रम. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनारपट्टीला, मेलबर्न-सिडनीला ते बागेत बाहेर वाढतं, आणि वर सांगितलेली लाल नळीची जात हवी असेल तर ती सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड धुक्याच्या हवेत फुलते. भारतातून जाताना आईच्या बागेतली फांदी मात्र बॅगेत घालून नेऊ नका. परवान्याशिवाय झाडं नेता येत नाहीत आणि ऑस्ट्रेलियात तर मोठा दंड होतो. तिथल्या नर्सरीत ही सहज मिळतात, आणि एखाद्या शेजाऱ्याच्या कुंपणावरून बाहेर आलेलं झाड दिसलं तर विचारून पाहा, छाटणीच्या वेळी फांदी द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.